सगळे म्हणजे कोण

बाइंडरच्या दुकानात दर रविवारी चौघांचा एक खेळ चाले, आणि त्यात खेळण्यापेक्षा भांडणंच जास्त. ज्याची पाळी त्याने नवा नियम सुचवायचा. सगळ्या खेळाडूंनी तोंडाने ‘मान्य’ म्हटलं की तो लागू. नियम बदलायचे नियमही असेच बदलायचे. डिंकाच्या वासात बसून चार जाणती माणसं एकेका शब्दावरून हमरीतुमरीवर येत. नुसती मान डोलावलेली चालणार नाही, हा हट्ट मास्तरांचा. उद्या कोणी कानावर हात ठेवायला नको!

आणि आता मास्तरांचीच वाचा गेली होती. अर्धांगाच्या झटक्यातून डावा हात तेवढा वाचला होता. त्यांच्या ‘मान्य’शिवाय एक नियम पुढे सरकेना.

“सगळे म्हणजे ज्यांना बोलता येतं ते, एवढा खुलासा करून टाकू,” वायरमन म्हणाला.

“म्हणजे जित्याजागत्या माणसाला खोडून टाकायचं?” बाइंडर भडकला. बायको गेल्यावर याच रविवारांनी त्याला माणसांत ठेवलं होतं. मास्तरांशिवायचा रविवार त्याला नको होता.

तोडगा टायपिस्टबाईंनी काढला. शब्दाच्या अर्थाबद्दल शंका आली, तर वयाने थोरल्या खेळाडूने अर्थ सांगायचा आणि बाकीच्या प्रत्येकाने ‘मान्य’ म्हणायचं, असा जुना नियम होता. थोरले मास्तरच. बाइंडरचा जीव भांड्यात पडला. स्वतःच्या विरुद्ध निकाल कोण देईल?

मास्तरांच्या घरी वहिनींनी त्यांना उशा लावून बसवलं. बाईंनी प्रश्न वाचला, “ज्याला बोलता येत नाही, त्याला ‘सगळ्यां’त धरायचं का?”

मास्तरांनी खुणेने पेन्सिल मागितली. डाव्या हाताने, घाम फुटेपर्यंत, वेडीवाकडी अक्षरं काढली. वहिनींनी कागद वाचला, “धरायचं नाही. खेळा.” मग त्या मास्तरांकडे वळल्या. “अहो, स्वतःलाच बाद केलंत?”

“मान्य,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“मान्य,” वायरमन खाली मान घालून म्हणाला.

उरला बाइंडर.

“बोल की रे. त्यांचीच इच्छा आहे,” वायरमनने त्याला कोपराने ढोसलं.

मास्तर डोळे वटारून बघत होते. आजवर त्यांचा शब्द बाइंडरने खाली पडू दिला नव्हता. त्याला रडू कोसळत होतं, तरी त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. एका शब्दाने मास्तर कायमचे खेळाबाहेर जाणार होते, आणि तो शब्द त्याच्या तोंडून निघणार नव्हता.

बाईंनी पुन्हा विचारलं. बरीच वाट पाहिली. मग म्हणाल्या, “अर्थ नामंजूर. आता आपला खेळ कधीच पुढे जायचा नाही, कळतंय ना तुम्हाला?”

बाइंडरने मान डोलावली, खुर्ची पलंगाशी ओढली आणि मास्तरांचा डावा हात हातात घेतला. मास्तरांनी रागाने तोंड भिंतीकडे फिरवलं. हात मात्र सोडवून घेतला नाही.