पेल्यात उतरलेला विषाणू

भाड्याच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर पाण्याचे दोन जग मांडून बसलेले श्वासबाबा पेला उंचावून गरजले, "फुंका! अंगातला विषाणू पाण्यात उतरेल!" एका म्हाताऱ्याने खोकत खोकत नळीतून फुंकलं आणि नितळ पाणी दुधासारखं पांढरं झालं. टाळ्यांनी छत दणाणलं.

बाबांनी तीच नळी पुढच्याच्या हातात दिली. पुढचा म्हणजे गावातल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा धाकटा भाऊ. मागच्या दारातून नुकत्याच आत आलेल्या बाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

आठ महिन्यांपूर्वी बाईंनी त्याला आपली एक किडनी दिली होती. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी तो रोज गोळ्या घेई, आणि त्याच गोळ्या शरीराचा पहारा ढिला करत. इतरांना चार दिवस अंथरुणात लोळवणारा विषाणू त्याच्या जिवावर बेतू शकत होता. त्याचा मास्क आता हनुवटीखाली लोंबत होता.

बाई गर्दी रेटत पोचेपर्यंत त्याने फुंकलं. पाणी पांढरं! बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या जगमधून पेला भरून दिला. या खेपेला पाणी नितळच राहिलं.

"गेला विषाणू! आता असतील त्या गोळ्या टाक या टोपलीत!"

"टाकशील तर याद राख!" बाई मंचावर चढल्या.

"ताई, तू स्वतः बघितलंस ना?"

"दरवर्षी वर्गात बघते. ही चुन्याची निवळी आहे. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती पांढरी होते, फुंकणारा आजारी असो की धडधाकट. दुसऱ्या पेल्यात साधं पाणी आहे. बाबा, तुम्ही तर निरोगी. फुंका बघू पहिल्यात!"

बाबांनी पेला घाईघाईने मागे सरकवला.

बाईंनी बाबांच्याच पहिल्या जगमधून पेला भरला, पेनाची रिकामी नळी घातली आणि फुंकलं. पांढरं! दुसऱ्या जगमधलं पाणी मात्र फुंकूनही जराही बदललं नाही. "घ्या, अर्ध्या मिनिटात मी आजारी पडून बरीही झाले!"

लोक हसले. भाऊ हसला नाही. तो हातातल्या नळीकडे बघत होता. "ताई, तो म्हातारा खोकत होता गं."

"तुला किडनी दिली, अक्कल कुठून देऊ?" बाई कळवळून म्हणाल्या. त्यांनी त्याचा मास्क वर ओढला आणि त्याला तडक डॉक्टरांकडे नेलं.

चौथ्या दिवशी ताप आलाच. डॉक्टरांचं आधीपासून लक्ष होतं म्हणून तो वाचला. तुमच्या घरचं कुणी अशा नळीला ओठ लावायला निघालं, तर एवढंच विचारा: बाबा, आधी तुम्ही फुंकता का?