उद्याच्या मापाची पँट

मी ट्रॅकपँट बोलतेय. मला तोंड नाही, नाडी आहे, तिच्यावरच भागवते. आणि ट्रॅक म्हणाल तर तो मी अजून डोळ्यांनी बघितलेला नाही. नाव मोठं, बाकी काही विचारू नका.

बाकीच्या पँटी हौसेनं शिवतात. मला भीतीनं शिवलं. आमचे मास्तर टेलर आहेत. खाली दुकान, वर घर. दिवसभर सुईशी खेळणारा माणूस, तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो. पण तीच सुई दंडाकडे यायला लागली की मास्तर पांढरेफटक! आणि डॉक्टरांनी नेमकं तेच काढलं.

"मास्तर, साखर फार वाढलीय. बसून बसून झालंय हे. पुढच्या तपासणीपर्यंत रोज चालायची सवय लावा. नाहीतर गोळ्यांवर भागणार नाही, रोज इंजेक्शन घ्यावं लागेल. जरा फिटनेसकडे बघा."

'इंजेक्शन'नंतरचं मास्तरांना धड ऐकूच आलं नाही. घरी आल्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"फिटिंगकडे बघा म्हणाले."

"फिटिंग?"

"फिटनेस गं. तेच ते."

तेच ते नव्हतं. पण मास्तरांनी लगेच कात्री घेतली. चालायचं नंतर, आधी पँट! कुणाच्या तरी गणवेशातलं उरलेलं निळं कापड काढलं, बाजूला पांढरी पट्टी लावली. आणि माप घेताना स्वतःच्याच पोटाकडे बघून म्हणाले, "तू आता जाणारच आहेस. तुझ्यासाठी कापड कशाला घालवू?"

असं म्हणून मला चांगली चार बोटं बारीक बेतली. शिवणीत माया सोडली नाही. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड हो, पुढेमागे उसवून सैल करायला. गिऱ्हाइकाच्या कपड्यात मास्तर भरपूर माया ठेवतात. स्वतःच्या वेळी मात्र हात आखडला.

मग दुकानात येईल त्याला सांगत सुटले, "उद्यापासून पहाटे उठून तासभर पळणार!" इस्त्रीला आलेल्यालासुद्धा सांगितलं. त्यानं विचारलंही नव्हतं.

पहाटे गजर झाला. मास्तरांनी मला पायांत घातलं. गुडघ्यापर्यंत मी गुपचूप गेले, मांडीवर अडून बसले. मास्तर पलंगावर आडवे झाले, श्वास आत घेतला, पाय हवेत. एका बाजूनं काकू ओढतायत, दुसऱ्या बाजूनं लेक.

"बाबा, पोट आत घ्या!"

"आतच आहे ते!"

"मग बाहेर काय आहे हे?"

कशीबशी चढले. मास्तर एकदम ऐटीत आरशासमोर उभे राहिले, आणि मग बुटाची नाडी बांधायला वाकले. टर्रर्र! माझी मागची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. हसून हसून लेकीला उचकी लागली.

"कापडच कुजकं निघालं," मास्तर म्हणाले.

मला असा राग आला म्हणून सांगू! कापडाला नावं ठेवतोस? मी म्हटलं होतं का, मला बारीक बेत म्हणून? पण बोलणार कशी, तोंडाच्या जागी नाडी.

पळणं तिथंच संपलं. "पँट दुरुस्त झाली की सुरू," असं ठरलं, आणि पँट काही दुरुस्त होईना. दुसऱ्यांच्या पँटी रोज होत होत्या हं. मला मशीनवर पांघरलं. मग तेल पुसायला घेतलं. मग माझ्या मांडीवर टाचण्या टोचून ठेवायला लागले. ज्या टोचण्याच्या भीतीतून मी झाले, तेच माझ्या नशिबी! तिकडे मास्तर घराचा जिना चढताना मध्येच थांबायचे आणि भिंतीचा रंग निरखल्याचं नाटक करायचे. काकू वरून बघायच्या. तपासणी जवळ येत होती.

एक दिवस दुकानात नवरदेव आला. होणारा. पोट चांगलं सुटलेलं. म्हणाला, "मास्तर, सूट जरा बारीक शिवा. लग्नापर्यंत मी उतरणार आहे."

मास्तर उसळले. "अहो, कपडा आजच्या अंगावर बेततात, उद्याच्या नाही! तुम्ही उतरा नाहीतर चढा, मी माया सोडतो. पहिल्याच दिवशी आवळून शिवला तर मांडवात फाटेल आणि नाव माझं खराब होईल!"

कोपऱ्यात काकू शर्टाला बटणांची काजं करत बसल्या होत्या. त्यांनी हातातला शर्ट खाली ठेवला. मला मशीनवरून उचललं आणि दोन हातांत धरून पसरलं. माझ्या मागच्या भगदाडातून त्यांना मास्तर दिसत होते, आणि मास्तरांना त्या.

"अहो, मग हे काय आहे?"

नवरदेव खो खो हसला. मास्तर एकदम टेप गुंडाळायला लागले. गुंडाळलेलाच होता तो.

गिऱ्हाईक गेल्यावर काकू म्हणाल्या, "पँटचं सोडा. तुमचं ते तासभर पळणंसुद्धा उद्याच्या अंगाचंच आहे. आजच्या अंगाला झेपेल तेवढं बेता की. शटर ओढलं की थेट जिना चढायचा नाही. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं. बस."

"एवढ्यानं काय होतंय?"

"कच्चा टाका घालता ना आधी? पक्की शिवण त्याच्याच मागून जाते ना?"

धंद्यातलं बोललं की मास्तरांना लगेच पटतं. त्या दिवशी त्यांनी माझी मागची शिवण घातली, मला दोन्ही बाजूंनी उसवलं आणि जुन्या पडद्याच्या तांबड्या कापडाच्या कळ्या, म्हणजे उभ्या पट्ट्या, जोडल्या. दिसायला मी जोकर झाले. पण अंगावर अशी बसले, की काय सांगू!

शटर खाली, मास्तर बाहेर. कोपऱ्यापर्यंत. कधी कंटाळून परत यायचे. एकदा तर घाईचं काम आलं आणि गेलेच नाहीत. मला वाटलं, झालं, आता पुन्हा टाचण्या! पण दुसऱ्या दिवशी शटर खडखडलं आणि पाय आपोआप कोपऱ्याकडे वळले. पुढे कोपरा कमी पडायला लागला. मग पुलापर्यंत. मग पुलापलीकडे, तिथला बटणवाला गप्पिष्ट आहे म्हणून.

तपासणीला मास्तर घाम पुसत गेले आणि शीळ घालत आले. साखर उतरली होती. "सध्या गोळ्याच. पण चालणं सोडू नका," असं डॉक्टर म्हणाले.

खरी धाकधूक मला तेव्हा सुरू झाली. भीती गेली ना! भीती गेली की माणूस पुन्हा खुर्चीला चिकटतो, आम्हा कपड्यांना चांगलं माहीत असतं. त्यात दुसऱ्याच दिवशी काकूंनी मला धुतलं. ढगाळ हवा, संध्याकाळ झाली तरी मी दोरीवर टपटप गळतेय. खाली शटर खडखडलं. मास्तर वर आले, मला चाचपलं.

"ओली आहे हो," काकू म्हणाल्या. "आज राहू द्या."

लेक म्हणाली, "चला, बाबांना बहाणा मिळाला!"

मास्तरांनी मला दोरीवरच सोडलं. मग घरातला चौकड्यांचा पायजमा चढवला, एका बाजूनं वर खोचलेला, आणि तसेच निघाले. जिना उतरताना बटणवाल्याला सांगायची कुठलीतरी गोष्ट आत्ताच पुटपुटत होते.

मी दोरीवर लोंबकळत बघत राहिले. आधी जाम राग आला. मला सोडून? त्या पायजम्यात?

मग हसूच आलं. तुम्हाला एवढंच सांगते, नवी पँट शिवायला टाकण्याआधी एकदा कोपऱ्यापर्यंत जाऊन या. घरात जे अंगावर असेल त्यात. मला वाईट वाटणार नाही. आमच्या मास्तरांचं बघा ना, माझ्यावाचून मस्त चाललंय.