घरकुल टोलीचा ओटा

मित्रांनो, मी एक जुना ओटा आहे. गोंदियाकडच्या कामठा गावापलीकडे, धानाच्या बांध्यांना लागून घरकुलांची एक टोली आहे. तिथे घरांच्या दोन रांगांच्या मधोमध, करंजीच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. जुना म्हणालो खरा, पण माझे वय तसे फार नाही. मात्र माणसाचे वय वर्षांवरून मोजतात आणि ओट्याचे वय त्याच्यावर बसून गेलेल्या माणसांवरून. तसे पाहिले तर मी पणजोबा झालो आहे.

मी नव्हतो तेव्हाची हकीकत मी लोकांच्या तोंडून ऐकली आहे. निरनिराळ्या गावांहून आलेल्या कुटुंबांना सरकारने इथे पक्की घरे दिली. चिचगडकडून आलेले बिसरामजी आणि त्यांची बायको शामकलाबाई ही त्यांपैकीच. त्यांचा मुलगा ओमेश गोंदियाच्या बाजारात भाजी विकतो. घर चांगले होते. पाऊस आत येत नव्हता, भिंतीला विंचू निघत नव्हते, संडासासाठी रानात जावे लागत नव्हते. तरी शामकलाबाईंचा जीव रमेना. चिचगडच्या मातीच्या घराला मोठी छपरी होती, तिथे बसले की येणारा-जाणारा हाक मारून जायचा. इथे प्रत्येक दार आतून बंद. शेजारी राहते कोण, हेही कुणाला ठाऊक नव्हते. धान कापून झाले की मी आपल्या गावाला परत जाते, असे त्या रोज म्हणू लागल्या.

बिसरामजी मितभाषी. त्यांनी वाद घातला नाही. बांधकामातून उरलेल्या विटा गोळा केल्या, ओमेशकडून थोडे सिमेंट आणवले आणि करंजीखाली एकटेच वीट लावायला बसले. समोरच्या घरातली प्रेमिला दारातून पाहत होती. थोड्या वेळाने ती रेती घेऊन आली. मग बाजूच्या नंदाबाई आल्या. त्यांनी वर बसवायला फुटक्या रंगीत फरशांचे तुकडे आणले. संध्याकाळपर्यंत अर्धी टोली माझ्याभोवती जमली होती. मी सुकत होतो तेव्हा बाया पाळीपाळीने माझ्यावर पाणी शिंपडत. पाणी शिंपडता शिंपडता त्यांच्या ओळखी झाल्या.

धान कापून झाले, मळून झाले. शामकलाबाई मात्र चिचगडला गेल्या नाहीत. कुणी आठवण करून दिली की त्या म्हणत, आता उन्हाळ्यात पाहू.

मित्रांनो, माझी ती वर्षे मोठ्या आनंदात गेली. माझ्यावर लाखोळीची डाळ वाळली, मोहफुले वाळली, कुरड्या वाळल्या. मुलांनी माझ्यावर बसून पाढे पाठ केले. प्रेमिलाच्या मुलीला, दामिनीला हळद लागली ती माझ्यावरच. माझ्या एका फरशीवर ती पिवळी छटा कितीतरी दिवस टिकली होती आणि मी ती दागिन्यासारखी मिरवत होतो. परगावचे पाहुणे म्हणायचे, तुमच्या टोलीत बसायला फार बरे वाटते. ते ऐकून माझी छाती फुगायची. सिमेंटची असली म्हणून काय झाले?

पुढे दिवस पालटले. घरोघरी टीव्ही आले, हातात मोबाइल आले. माझ्यावर मोटारसायकली चढू लागल्या आणि माझी एक कड फुटली. कुणी चुलीची राख आणून टाकू लागले. त्यातच प्रेमिलाच्या मोरीचे पाणी नंदाबाईंच्या दारात जाऊ लागले. त्यावरून दोघींचे बिनसले आणि त्यांच्यामागे दोन्ही रांगा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. शामकलाबाईंचे गुडघे दुखू लागले, त्यांचे बाहेर येणे थांबले. आपण दिवसभर बाजारात, वडिलांचेही वय झालेले, इथे आईला दवाखान्यात कोण नेणार, म्हणून ओमेशने गोंदियात खोली पाहिली. दिवाळी झाली की घराला कुलूप लावायचे ठरले.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच. पाहुणे येतात, दुकाने लागतात, नाचगाण्याची दंडार रंगते. पण आमच्या टोलीत कधी मंडई भरली नव्हती. जो तो आपल्या जुन्या गावच्या मंडईला निघून जायचा. त्या वर्षी शामकलाबाईंनी हट्ट धरला. जायचेच आहे तर आपल्या दारची मंडई एकदा पाहून जाईन, असे त्यांनी ओमेशला सांगितले. ओमेश हसला. म्हणाला, इथे कोण कोणाशी बोलते की मंडई भरेल?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शामकलाबाई झाडू घेऊन बाहेर आल्या. एक हात माझ्या कडेवर टेकवून त्या दुसऱ्या हाताने राख लोटू लागल्या. चार हात मारले की थांबायच्या, दम खायच्या. प्रेमिलाला ते पाहवेना. ती पाण्याची बादली घेऊन आली. दुसऱ्या बाजूने नंदाबाई आल्या आणि त्यांनी शामकलाबाईंच्या हातातून झाडू काढून घेतला. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

शेवटी प्रेमिला म्हणाली, "आमच्या मोरीचं पानी उद्यापासून मागून काढू."

"मंग आज कायले थांबता?" नंदाबाई म्हणाल्या. "फावडं माह्या घरी आहे."

झाले! दुपारपर्यंत नाली खणून झाली, बिसरामजींनी माझी कड सांधली, पोरांनी मला चुना लावला. आठवड्याने आमच्या टोलीची पहिली मंडई भरली. शिंगाडेवाले आले, फुगेवाले आले, चिचगडहून शामकलाबाईंचे भाऊ आले. दंडारीची मंडळी माझ्यावर चढून अशी नाचली की माझ्या विटाविटांत झांजा वाजत होत्या. आई इतकी मोकळी हसताना ओमेशने कितीतरी दिवसांनी पाहिली. नंदाबाईंनी त्याला तिथेच सांगून टाकले की दर सोमवारी मी दवाखान्यात जातेच, मावशीलाही घेऊन जाईन. ओमेशने गोंदियाची खोली नको म्हणून कळवले.

पुढच्या आठवड्यात चेतना नावाची एक अधिकारी मुलगी आली. लोक घरकुलांत समाधानी आहेत का, हे ती विचारत होती. ती माझ्यावरच बसली आणि तिने शामकलाबाईंना बोलते केले. त्यांनी तक्रारी सांगायला सुरुवात केली आणि त्या थांबेचनात. वैशाखात स्लॅब तव्यासारखा तापतो, रस्त्यावरचा दिवा आठवड्यातून दोनदा रुसतो, एसटी थांबत नाही. चेतनाने विचारले, "मग मावशी, समाधानी नाही असं लिहू का?"

"काऊन?" शामकलाबाई चमकून म्हणाल्या. "गाऱ्हानं आपल्याच घराचं असते, बाई. लोकाच्या घराचं आपन कायले सांगू? दिवा लावून द्या म्हनून लिहा. अना मी इथून कोठी जात नाई, हे बी लिहा."

चेतना हसली आणि तिने दोन्ही लिहून घेतले. दिवा नीट झाला आहे. एसटीची वाट आम्ही अजून पाहतो आहोत.

मित्रांनो, तुमच्याही घराजवळ एखादा ओटा, पार किंवा बाक असेल. त्याच्यावर गाड्या चढवू नका, राख टाकू नका. कड फुटली तर मूठभर सिमेंट लावा. ओटा बसण्याने झिजत नाही, कुणी न बसल्याने मोडतो. म्हणून आज संध्याकाळी त्याच्यावर जाऊन बसा. आणि कुणी येताना दिसले, तर थोडे सरकून जागा द्या.