तन्वीच्या मनगटावरचा दोरा

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवांच्या पायातली भीती काढून समोरच्यांच्या पायात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जामसंड्याच्या पटांगणात शंभरेक माणसं एका दमात ओरडली. उद्या गावच्या मुलींचा कबड्डीचा जिल्हा अंतिम सामना होता आणि देवाला गाऱ्हाणं घालायला खुद्द धैर्यानंद महाराज आले होते. मूळ गाव विचारलं की हे आभाळाकडे बोट दाखवत.

त्यांनी संघातल्या तन्वीला हात आडवा धरायला लावला आणि दोन बोटांनी दाबला. हात धपकन खाली. मग मनगटाला काळा दोरा बांधून पुन्हा दाबला. हात तसूभरही हलला नाही.

"सात समुद्रांच्या पाण्यात भिजवलेलो दोरो हा!"

देवगडची जेटी तरी ओलांडली असेल का यानं, असं संघाच्या शिक्षिका स्वप्नाबाईंच्या मनात आलं. पण हसू येईना. गेल्या वर्षी शेवटच्या चढाईत तन्वीचे पाय जागीच खिळले आणि एका गुणानं सामना गेला. म्हणून तीन महिने बाई तिच्याकडून रोज तीच चढाई करून घेत होत्या. एका गुणाची पिछाडी धरायची आणि भोवती अर्ध्या गावानं थाळ्या बडवत हुर्यो करायची. आता कुठं पोरगी सावरली होती. आणि मैदानात उतरताना पंच अंगावरचे दागिने, दोरे सगळे काढायला लावतात! उद्या दोरा निघाला की हिचं अवसानही निघणार.

"बाई, दोरो तुटलो तर?" तन्वीनं आत्ताच विचारलं.

बाई तडक पुढे झाल्या. महाराजांची बोटं त्यांनी नीट पाहिली होती.

"म्हाराज, तुमच्या हातात तर अकरा दोरे आसत. जरा आडवो धरा बघूया."

मनगटापाशी त्यांनी अवचित दाब दिला. अकरा दोऱ्यांसकट हात खाली! मग तन्वीचा दोरा सोडून तिच्या कोपराजवळ दाबलं. हात ढिम्म.

"बघलास मां? पयल्यांदा ह्येंनी दाबलो मनगटाकडे, तो सुदिक न सांगता. दुसऱ्यांदा कोपराकडे, आणि तवसर चेडू सावध झालेला. खांद्यापासून लांब थोडो जोर पुरता, जवळ दुप्पट लागता. दोऱ्याचो काय संबंध?"

महाराज ग्रहमानाचं काहीबाही पुटपुटत रिक्षात बसले.

"पण बाई, माजी छाती धडधडता."

"माजीय धडधडता. धडधडूंदे. तीन म्हयने ती धडधड घेवनच खेळलंस मां?"

दुसऱ्या दिवशी खरंच एका गुणाची पिछाडी आणि शेवटची चढाई आली. मनगट रिकामं होतं. तन्वीचे पाय थरथरत होते, पण हलले. दोघींना शिवून ती परतली आणि एका गुणानं सामना जिंकला.

संध्याकाळी शेजारीण तसाच दोरा हवा म्हणून विचारायला आली, "दोरो खंय गावता गो?"

तन्वीची आई विमला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तीन म्हयने थाळ्यो बडवन माजे हात दुखले आणि नाव दोऱ्याचा? आधी घराकडे जा. दार एकदा बिजागरीकडे ढकलून बघ, मगे कडेक ढकल. हाताक समाजला ता डोक्याकय समाजतला."