आत्याचं नाक आणि इतर प्रदेश

घरात तिला सगळे ठिपकी म्हणत, कारण लहानपणी हातात पेन्सिल आली की ती आधी ठिपके काढायची आणि मग त्या ठिपक्यांची गावं करायची. मोठी झाल्यावर तिने हेच पोटापाण्याला लावलं. पट मांडून, फासे टाकून खेळायच्या खेळांसाठी ती नकाशे काढायची, जगात कुठेच नसलेल्या देशांचे. डोंगर टाकाने, समुद्र जलरंगात, आणि गावांची नावं सगळ्यात शेवटी, कॉम्प्युटरवर.

या नावांपाशी तिचं घोडं नेहमी अडायचं. ही नावं ज्याने पाठवायची तो खेळ बनवणारा माणूस, ज्याला ती मनातल्या मनात फासेवाला म्हणायची, एक नंबरचा आळशी. आणि नावांशिवायचा नकाशा तिला मुका वाटायचा. मग तोंडाला येतील ती तात्पुरती नावं ती टाकून द्यायची. या वेळी उत्तरेच्या समुद्रात तिने एक भूशिर काढलं. लांब, सरळ, टोकाशी किंचित खाली वळलेलं. मान तिरकी करून बघितलं आणि एकटीच फिस्सकन हसली. थेट आत्या! तिने त्यावर लिहून टाकलं, ‘आत्याचं नाक’.

मग काय, हातच थांबेना. मधोमध पसरलेली दलदल झाली ‘काकांचं पोट’. जिथून कुणालाही सुखासुखी पलीकडे जाता येऊ नये अशी डोंगरातली वाट, ती ‘सासूबाईंची खिंड’. आणि पूर्वेचं ते वाळवंट, जिथे वर्षानुवर्षं थेंब पडत नाही, त्याला तिने नाव दिलं ‘जाऊबाईंचं कौतुक’.

यथावकाश फासेवाल्याची खरी नावं आली. अंधारशिखर, रक्तसागर, मृत्यूची कडा, असली. तिने ती वेगळ्या फाइलमध्ये मन लावून बसवली. आणि पाठवली दुसरीच फाइल.

हे तिला कळलं तेव्हा खेळाचं छापील खोकं तिच्या मांडीवर उघडं होतं. झाकण काढलं, पट उलगडला आणि समोर ठसठशीत अक्षरांत आत्याचं नाक! तिने तसाच फोन लावला.

“अहो, घोटाळा झालाय! ती नावं खरी नाहीत!”

“खरी नाहीत म्हणजे?” फासेवाला म्हणाला. “मला वाटलं, माझी नावं बघून तुम्ही नाक मुरडलंत आणि आपली घातलीत. मी तर नियमसुद्धा बदलले, ताई. पुस्तिका उघडा ना.”

तिने उघडली. ‘आत्याच्या नाकाला वळसा घालणाऱ्याने फासा टाकावा. एक पडल्यास जहाज फुटले.’ ‘काकांच्या पोटात शिरलेल्याला झोप लागते. त्याचा एक डाव हुकतो.’ ‘खिंडीतून जाणाऱ्याने कुठे निघालात, कशाला निघालात आणि सोबत कोण आहे, हे सांगितल्याशिवाय वाट मिळत नाही.’

“सगळी खोकी दुकानात पोचलीत,” तो आनंदाने म्हणाला. “रविवारी तिथेच पहिला डाव मांडायचाय. घरच्यांना घेऊन येताय ना?”

घरच्यांना तिने केव्हाच सांगून ठेवलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, मिरवलं होतं. आता कुणाला कसं थोपवायचं? सगळ्यात आधी आत्या. आत्या म्हणजे पोहण्याची शिक्षिका. अर्धं गाव तिच्या ओरड्याला घाबरून तरंगायला शिकलं होतं.

“आत्या, रविवारी फार गर्दी असेल गं. तुझे गुडघे...”

“माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीये? तुझ्या आवाजाला काय झालंय ते सांग.”

“काही नाही.”

“मग मी येतेय.”

रविवारी ठिपकी नाक मुठीत धरून दुकानात शिरली. लांबट, अरुंद दुकान, छतापर्यंत खोक्यांच्या चळती, मधे खेळायची टेबलं. आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर, चादरीएवढा मोठा करून लावलेला तिचा नकाशा! फासेवाल्याने तिला खूश करायला गुपचूप छापून घेतला होता. तिला वाटलं, एखाद्या खोक्यात शिरून आतून झाकण लावून घ्यावं.

मागून सगळी वरात आत आली. आत्याने चष्मा लावला. भिंतीजवळ गेली.

“हे माझं नाक?”

“हो, आत्या.”

“आणि एवढंसंच? अगं, ही काय नाकाची लांबी झाली? लाज वाटत होती तर काढायचं नव्हतंस!” तिने बोट ठेवून किनारा मोजल्यासारखा केला. “इथे जहाजं फुटतात म्हणे?”

“बरीच फुटतात.”

“शाब्बास,” म्हणत आत्याने खुर्ची ओढली. “वाटा फासे.”

ठिपकीला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती हसली, आणि हसू आवरेना. तिकडे काका दलदलीकडे हिरमुसून बघत होते. “निदान जंगल तरी द्यायचंस.”

“काका, नकाशातला सगळ्यात मोठा प्रदेश आहे तो.”

“असं होय?” काकांची कळी खुलली. ते येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच्या पोटाच्या सीमा दाखवू लागले. जाऊबाई वाळवंटासमोर उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. “बघा, आमचं कौतुक केवढं अफाट!” त्या म्हणाल्या आणि ठिपकीने घाईने पाठ फिरवली. सासूबाईंनी नियम वाचला, मान डोलावली आणि थेट टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. खिंडीजवळ सोंगटी आली रे आली की त्या अनोळखी मुलांना पुस्तिकेतले प्रश्न विचारत, शिवाय जेवलात का आणि घरी कळवलंय का, हे आपल्या पदरचे.

फासेवाल्याचं जहाज भूशिराजवळ आलं तेव्हा सगळं दुकान टेबलाभोवती गोळा झालं होतं.

“माझ्या नाकावर टिच्चून जातोस काय?” आत्या गरजली. “टाक!”

त्याने फासा टाकला. फासा गरगर फिरला, पटाच्या कडेला आपटला आणि थांबला. एक! असा काही गलका झाला की वरच्या फळीवरची खोकी हलली. आत्या हसून हसून टेबलावर आडवी झाली. जहाज बुडालं, त्यातला खजिना तिच्याकडे आला आणि मग तिने कुणाला डोकं वर काढूच दिलं नाही. ती जिंकली, तेव्हा फासेवाल्याने उभं राहून तिला सलाम ठोकला.

या धुमाळीत ठिपकीचा नवरा तेवढा गप्प होता. तो चष्मे बनवायचा, बारीक बघायची सवय. भिंतीवरच्या नकाशाचा कोपरा न् कोपरा त्याने पालथा घातला होता.

“मी कुठाय?” त्याने विचारलं.

ठिपकी गडबडली. “तू... राहिलास रे.”

“राहिलो? काकांच्या पोटाला एवढी जागा, आणि मला एक टेकाडसुद्धा नाही?”

“अरे, तू समोरच असायचास, चहा घेऊन उभा. जे समोर नसायचे, तेच आठवायचे मला.”

हे ऐकून तो विरघळला, पण पुरता नाही. “ते ठीक आहे. पण दुसऱ्या छपाईत मला ज्वालामुखी हवा.”

“विझलेला चालेल?”

“जागता. चांगला धगधगता.”

सोमवारी सकाळी तो स्टूल घेऊन तिच्या टेबलाशी येऊन बसला. लाव्हा कुठून उतरावा, धूर कुठल्या दिशेला जावा, पायथ्याशी गाव असलं तर त्यातली माणसं आधी पळवावीत की नंतर, सगळ्यात त्याचं मत होतं.

“जरा सरक,” ती म्हणाली. “उजेडात आलास.”

तो काही सरकला नाही. तिनेही मग टाक शाईत बुडवला आणि त्याच्याच सावलीत पहिली ठिणगी काढली.