सेफ्टीचा फोटो

उमाशंकरनं उजवा गुडघा मातीत टेकवला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. समोर दगडोबाचा हिंगळ्या चारी खूर नीट रोवून उभा होता. बैलाच्या तोंडापासून थोडं बाजूला स्वप्नाली सरकीचा डबा खुळखुळवत होती. त्या आवाजासरशी हिंगळ्यानं मान उचलली, कान ताठ केले, आणि कंधारी बैलाचा तो गडद लाल रंग सकाळच्या कोवळ्या उन्हात उजळून निघाला.

"गावला," उमाशंकर उठता उठता म्हणाला. "कान, वशिंड, शेपूट, समदं गावलं."

"अप्पा, एक सेफ्टीला घेते."

ही बापलेकीची जुनी रीत होती. लग्नाच्या कामात कुणाचे डोळे मिटतात, कुणी ऐनवेळी शिंकतं, म्हणून प्रत्येक पोझनंतर एक जादा फोटो काढून ठेवायचा. तो सेफ्टीचा. लग्नातली ही सवय बैलांच्या फोटोतही आली. उमाशंकरनं कॅमेरा लेकीच्या हाती दिला, डबा स्वतः घेतला आणि बैलासमोर जाऊन खुळखुळवू लागला. स्वप्नालीनं एकच फोटो काढला.

कासरा धरून उभा असलेला दगडोबा म्हणाला, "मालक, ह्यो कॅमेरा नवा दिसून राहिला."

"नवा न्हाई, पाहुणा हाय. नांदेडहून दोन दिवसांच्या बोलीवर आणलाय. जमलं तर ठिऊ, न्हाई तर उद्या वाटेला लावू."

पाहुण्याला बोलवायचं कारण संगप्पा. जनावरांच्या प्रदर्शनाच्या समितीचा हा सेक्रेटरी. यंदा त्याला प्रवेशद्वारावर तीस फुटांचा फ्लेक्स हवा होता, आणि त्यावर हिंगळ्या. जुन्या कॅमेऱ्यातला फोटो एवढा मोठा केला की फुटायचा. बैलाच्या जागी लाल चौकटींची गोधडी दिसायची. म्हणून स्वप्नालीनं हा जास्त रिझोल्यूशनचा कॅमेरा आणवला, आणि आणवल्यापासून उमाशंकरचं तोंड कडू झालं होतं.

त्याच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. एकेक फोटो इतका जड, की स्टुडिओतला कॉम्प्युटर तो उघडताना धापा टाकायचा. कार्ड दुपारपर्यंत भरायचं. शिवाय गिऱ्हाइकांचं काय? नवरीच्या गालावरची पुटकुळी, नवरदेवाच्या आईची हनुवटीवरची लव, सगळं चव्हाट्यावर येणार. "माणसाला इतकं दिसून करायचंय काय?" असं तो सकाळपासून तीनदा म्हणाला होता. स्वप्नाली तीनही वेळा नुसती हसली होती.

बैलांचं मात्र वेगळं होतं. लोहा, कंधार, पार हदगाव-हिमायतनगरपर्यंत ज्याला बैल मिरवायचा असेल, तो उमाशंकरला बोलवायचा. उमाशंकरनं काढलेला बैल बाजारात दोन पावलं पुढं उभा राहतो, असं लोक म्हणत. हे तो स्वतः कधी सांगत नसे, पण दुसरा कुणी सांगू लागला की मध्येच थांबवतही नसे.

दुपारी 'शिवगंगा फोटो स्टुडिओ'त दोघं कॉम्प्युटरसमोर बसले. यंत्रानं बराच वेळ कण्हत-कुंथत फोटो उघडला. स्वप्नालीनं बैलाचा डोळा मोठा केला, आणखी मोठा केला.

उमाशंकर पुढं वाकला. डोळ्याभोवतीचा एकेक केस वेगळा दिसत होता. पापणीवर बसलेल्या चिलटाचे पंखही दिसत होते. अशी चीज त्यानं तीस वर्षांत पाहिली नव्हती.

"वा! ह्यो माझा का?"

"हा सेफ्टीचा, अप्पा."

"मग माझा उघड की."

तिनं उघडला. बैल तोच, ऊन तेच, पण डोळ्याला दोन कडा होत्या, एकीवर एक सरकलेल्या. केसांचा लगदा झाला होता. उमाशंकरनं दुसरा उघडायला लावला, मग तिसरा. त्यानं काढलेले सातही फोटो असेच हललेले निघाले, आणि सेफ्टीचे सातही लख्ख.

"खोट हाय ह्या कॅमेऱ्यात," तो खुर्ची मागं सारत म्हणाला. "नव्या गोऱ्ह्यावानी हाय. हात बसायला टाइम लागतो. उद्याच्याला परत देऊन टाक."

"अप्पा, शटरचा स्पीड वाढवला असता तर—"

"मग दाणे पडतात फोटोत! कोवळ्या उन्हाचा रंग मरतो. मला शिकवू न्हको."

नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्याला ऐकवायला उमाशंकरला फार आवडायचं. आज त्याला ते सुचलं नाही. स्वप्नाली चहा आणायला खाली गेली.

एकट्यानं बसून त्यानं ठरवलं, की लेक वर यायच्या आत पुरावाच काढून ठेवायचा. भिंतीवर गेल्या वर्षीच्या प्रदर्शनातला पहिल्या नंबरचा वळू फ्रेम करून लावला होता. जुन्या कॅमेऱ्यानं काढलेला, आणि उमाशंकरच्या मते त्याच्या हातून उतरलेला सगळ्यात देखणा फोटो. त्याचा मूळ फोटो, कडा न कापलेला, शोधून त्यानं पडद्यावर आणला आणि मोठा केला. डोळा स्वच्छ, पाणीदार. "बघ," तो रिकाम्या खोलीला म्हणाला, "ह्याला म्हणतात कॅमेरा."

मग त्याची नजर उजव्या कडेला गेली. फ्रेममध्ये ही कड कापलेली होती. इथं मात्र बैलासमोर कुणाचा तरी हात आला होता. हातात सरकीचा डबा, मनगटात तांब्याचं कडं.

उमाशंकरनं आपल्या मनगटाकडं पाहिलं. कडं तिथंच होतं.

डबा आपल्या हातात असेल, तर कॅमेरा कुणाच्या हातात होता?

त्यानं त्याआधीचा फोटो उघडला. त्यात डबा धरलेला हात बांगड्यांचा होता, आणि बैलाच्या डोळ्याला दोन कडा होत्या. मग तो उघडतच गेला. दिवाळीतली जोडी, कंधारचा वळू, हदगावची गाय. गिऱ्हाइकाला दिलेल्या, लोकांनी डोक्यावर घेतलेल्या प्रत्येक फोटोच्या कडेला तांब्याचं कडं होतं.

स्वप्नाली चहा घेऊन आली तेव्हा पडद्यावर एक फोटो तसाच उघडा होता. तिनं तो पाहिला आणि कपबशी टेबलावर ठेवली. उमाशंकरनं कपाला हात लावला. बोटांच्या थरथरीनं कप बशीत किणकिणला. गेली दोन वर्षं तो या आवाजाचा दोष टेबलाच्या पायाला देत होता, आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारत होता.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"दोन वर्सं झाली."

"सांगितलं का न्हाई?"

"गिऱ्हाईक तुमच्या नावानं येतंय, अप्पा. आन् जुन्या कॅमेऱ्यात एवढं दिसत पण नव्हतं."

"म्हंजे दोन वर्सं मी नुसता डबा वाजवून राहिलो."

"डबा वाजवल्याबिगर कान उभे राहत्यात का?" ती म्हणाली. "मी वाजवला की बैल मलाच हुंगायला येतो. तुम्ही वाजवला की राजावानी उभा राहतो."

त्याला हसू आलं नाही. त्याला लाज वाटली होती, आणि लेकीनं आपल्याला पोरासारखं सांभाळून घेतलं याचा रागही आला होता. दोन्ही गिळायला वेळ हवा होता, म्हणून तो पडद्याकडं वळला आणि तिचे फोटो एकामागून एक पाहू लागला. आता तो बाप म्हणून पाहत नव्हता. दुसऱ्या गावच्या फोटोग्राफरचं काम पाहावं, तसा खोड काढायच्या इराद्यानं पाहत होता.

खोड सापडेना. उलट भलतंच काही सापडत गेलं. त्याच्या फोटोत कान ताठ होते, पण मानेखालची पोळी कुठंतरी कलती, आखडलेली. तिच्या फोटोत कानही ताठ होते आणि पोळीही सरळ, सैल लोंबत होती. बैल घाबरून उभा राहिलेला वाटत नव्हता, आपल्या मर्जीनं उभा राहिलेला वाटत होता.

"ही पोळी अशी कशी धरतीस?"

"कान उभे राहिले की लगीच न्हाई दाबत मी. बैल मग एक सुस्कारा सोडतो. तो सोडला की दाबते."

"कान तेवढा येळ राहत्यात?"

"राहत्यात. जरासाच येळ."

उमाशंकरनं डोळे मिटून तीस वर्षांचे बैल आठवले. कान उभे राहिले की त्याचं बोट दाबलं जायचं. त्या सुस्काऱ्यापर्यंत तो एकदाही थांबला नव्हता.

"हे मी शिकवलं न्हाई तुला."

"न्हाई," स्वप्नाली म्हणाली. मग जरा घाबरत, पण डोळे न वळवता, "हे माझं हाय."

त्याच्या छातीत काहीतरी भरून आलं. पहिल्या नंबरचा वळू भिंतीवर लावला त्या दिवशी असंच झालं होतं, पण आजचं त्याहून मोठं होतं. त्यानं चहा बशीत ओतला आणि दोन्ही हातांनी बशी धरून सावकाश प्यायला. ओतताना झालेली किणकिण लपवायचा प्रयत्न केला नाही.

"नांदेडला फोन लाव," तो म्हणाला. "म्हणावं, पाहुणा काय परत येत न्हाई."

"आन् कॉम्प्युटर?"

"त्यो बी बदलू. जड काम करायचं तर जागा नको का मोठी?"

ती फोन शोधत होती, तेवढ्यात उमाशंकरचाच वाजला. संगप्पा होता. फ्लेक्सवाला बसून राहिलाय, फोटो आत्ता पाठवा, म्हणत होता.

"पाठवून राहिलो. लई झकास आलाय."

"येणारच की! खाली नाव टाकतो, 'छायाचित्र: उमाशंकर मठपती'. बरोबर हाय ना?"

उमाशंकरनं लेकीकडं पाहिलं. ती पडद्यावर सेफ्टीच्या फोटोचं नाव बदलून नुसतं 'हिंगळ्या' असं करत होती.

"न्हाई, न्हाई. लिहून घ्या," तो म्हणाला. "स्वप्नाली."

पलीकडून संगप्पा म्हणाला, "नुसतं स्वप्नाली?"

"पुरं नाव टाका की. स्वप्नाली उमाशंकर मठपती." माउसवरचा लेकीचा हात थांबला होता. तिच्याकडं न बघता त्यानं आवाज चढवला. "आन् अक्षर मोठं घ्या, संगप्पा. रस्त्यावरनं वाचता आलं पायजे."