कुर्माघरातले जास्तीचे दिवस

आठव्या दिवशी सकाळी आई भात घेऊन आली, तेव्हा मी कुर्माघराच्या दारात बसून मुंग्यांची रांग बघत होते. दोन हजार चार सालचा भादवा. धानाची रोवणी आटोपली होती आणि बांध्यांमधून, धानाच्या खाचरांतून, निंदणाऱ्या बायांची बोलणी ऐकू येत होती. मी ताट दगडावर ठेवून मागे सरले. आईने वरूनच भात सोडला, वरूनच अंबाडीची भाजी सोडली. ताटाला हात लागू दिला नाही.

आमच्या गावात पाळी आलेल्या बाईने घरात थांबायचं नसतं. गावाच्या कडेला कुडाची, गवताने शाकारलेली एक ठेंगणी झोपडी आहे, ते कुर्माघर. तिथे पाच दिवस काढायचे. घरातल्या कशालाही शिवायचं नाही, पुरुषाच्या नजरेस पडायचं नाही. मग नदीवर सगळे कपडे धुवायचे, आंघोळ करायची आणि घरी यायचं. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात अशी गावं पुष्कळ आहेत.

"आज आठवा दिस हाय, रीना," आई म्हणाली.

"हो."

"अजून जाते?"

"जाते."

आईने झोपडीमागच्या दोरीकडे पाहिलं. दोरीवर तीन दिवसांपासून एकही फडकं वाळत नव्हतं. तिने ते पाहिलं आणि तिने पाहिल्याचं मीही पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "बुधरीनं इचारलं तं सांगतो, तिले जास्तच जाते म्हणून."

बुधरी माझी आत्या. गावात कुणाच्या घरी काय शिजलं हे तिला त्या घराच्या आधी कळतं.

आई लगेच गेली नाही. थोडी लांब उकिडवी बसली. "आपली काबरी कोंबडी अंड्यावर बसली हाय. पर ते बी दिसातून एक डाव उठते, दाणे टिपते, धूळ अंगावर घेते. तू तेवढं तं कर."

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं म्हणून ते लक्षात राहिलं.

"केस पाह्य कशे झाले तुये. घरी आली का तेल लावून देतो." उठताना तिने पदर गळ्याभोवती आवळून घेतला. चांगलं ऊन होतं. "आंग कसकस करून राह्यलं आज," ती स्वतःशीच बोलली आणि पायवाटेने निघून गेली.

मी आत जाऊन पडले.

तिथे मी खोटं बोलून का राहत होते, ते सांगायला हवं. दहावी, बारावी मी आश्रमशाळेत झाले. आमच्या गावातून बारावी झालेली मी पहिली मुलगी. डी.एड.ला नंबर लागला तेव्हा बाबांनी, इसरूने, गावाला मोहाची दारू पाजली होती. जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात खाट मिळाली. पहिले चार महिने मी माझ्या बोलण्याला सांभाळत होते. 'मले' आलं की गिळून 'मला' म्हणायचं. मुली हसायच्या, पण ते सोसण्यासारखं होतं.

मग आरोग्याच्या तासाला बाहेरून एक बाई आल्या. त्यांनी कुर्माघराबद्दल सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं. शेवटी विचारलं, "तुमच्यात कुणी तिकडची आहे का?" मी हात वर केला. शिकवणाऱ्याने विचारलं की हात वर करायचा, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या महिन्यात माझे दिवस आले तेव्हा माझ्या खाटेभोवती खडूने रेघ मारलेली होती. "रेघेच्या बाहेर येऊ नकोस हं, देव कोपेल तुमचा," एकजण म्हणाली. बाकीच्या पांघरुणात तोंड खुपसून हसत होत्या. माझं नाव 'कुर्मा' पडलं. जेवणाच्या रांगेत मागून आवाज यायचा, "हिला वरून टाका हो काकू, वरून!" खडूची रेघ दर महिन्याला उमटू लागली, आणि पुढे पुढे दिवस नसतानाही. घुग्घुसची अदीबा माझ्या बाजूच्या खाटेवर असे. ती कधी हसली नाही, पण कधी काही बोललीही नाही. वॉर्डनबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मस्करी आहे गं. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

ह्याच मुली आपापल्या घरी गेल्या की चार दिवस देवघराबाहेर बसत, लोणच्याच्या बरणीला शिवत नसत. सुट्टीवरून आल्या की एकमेकींना हे सांगतही. त्यात त्यांना काही विचित्र वाटत नसे.

माझं काय झालं ते मला तेव्हा कळत नव्हतं. सराव-पाठाला उभी राहिले आणि फळ्यावर लिहायला वळले, की पुन्हा वर्गाकडे तोंड करवत नसे. आंघोळीला बादली भरायची आणि तशीच ओतून टाकायची. दोन-दोन दिवस केस विंचरले जात नसत. झोप दुपारी यायची, रात्री यायची नाही. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी ट्रंक घेऊन घरी आले ती परत गेलेच नाही. कॉलेजची दोन पत्रं आली, ती मी फोडली नाहीत.

घरी कुणी रागावलं नाही. बांधीत निंदायला गेले तर हात चालत नसत. बाया म्हणायच्या, "काय व मास्तरीन, हातातलं बळ तिथीच ठेवून आली काय?" त्यांच्या लेखी ती थट्टा. मला त्यात वसतिगृह ऐकू यायचं. पत्रू पुजाऱ्याने धागा बांधला, कोंबडं दिलं. "पोरगी उतरली हाय, काही लागलं हाय तिले," तो म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. मन आजारी पडतं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

जूनमध्ये मी पाच दिवसांसाठी कुर्माघरात गेले आणि सहाव्या दिवशी माझ्याने निघवेना. तिथे सकाळी उठायचं नव्हतं. कुणी काही विचारत नव्हतं. ज्या झोपडीच्या नावाने मला चिडवलं, तिथेच कुणी चिडवत नव्हतं. जूनमध्ये मी सहा दिवस राहिले, जुलैत आठ. सोबतच्या बाया पाच दिवसांनी जात, मग मी एकटीच उरे. हे मी त्या झोपडीचं कौतुक म्हणून लिहीत नाही. तिच्या दाराला कवाड नाही. पावसात ती चारही कोपऱ्यांत गळते, गवतात साप असतात, आणि आत बाई तापाने फणफणली तरी तिला कुणी हात लावत नाही. अशी जागा एका वीस वर्षांच्या मुलीला घरापेक्षा, बांधीपेक्षा, कॉलेजपेक्षा बरी वाटत होती.

नवव्या दिवशी भात घेऊन आत्या आली.

"माय कुठी हाय?"

"थंडी वाजून राह्यली तिले. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजते." भात ओतून आत्याने मला खालीवर पाहिलं. "तू काऊन अशी सुकून गेली? लय जाते काय?"

मी होकाराची मान हलवली.

थंडी, मग ताप, मग घाम. हे मी आरोग्याच्या पुस्तकात पाठ केलं होतं. भादव्यात आमच्याकडे हा ताप माणसं नेतो, हे पुस्तकाशिवायही माहीत होतं. तरी मी त्या दिवशी काही केलं नाही. झोपडीपासून आमचं घर दिसतं. मी दिवसभर घराकडे बघत बसले.

दहाव्या दिवशी दुपारी बाबा आले. मोहाच्या झाडाशी थांबले, माझ्याकडे पाठ करून. कुर्म्यातल्या लेकीशी बापाने बोलायचं तर असंच.

"रीना."

"हं, बाबा."

"मायले लय ताप हाय. ओळखत नाई कोनाले, काही बी बोलते. सकायी नीलाबाई आली, बोटातलं रक्त घेऊन गेली. गोळ्या देल्ल्या, त्या ओकून टाकल्या."

नीलाबाई म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाई. सात किलोमीटर पायी येतात.

"धानोऱ्याले दवाखान्यात न्या ना, बाबा."

"न्या लागते. बाज उचलाले चौघं हायत. पर तिथी डॉक्टरसंग कोन बोलन? मांगं लटारूच्या बायकोले नेलं होतं, तं त्यायनं काय इचारलं ते आमाले समजलं नाई, आमी काय सांगतलं ते त्यायले समजलं नाई. देल्लं परत पाठवून. तू शिकली हायस. तू संग असली का ते आयकतीन." बाबा झाडाच्या सालीवरून हात फिरवत राहिले. "अजून किती दिस हाय तुये?"

मी मोकळीच होते. पाच दिवसांपासून मोकळी होते. तेवढं म्हणायचं, नदीत एक बुडी मारायची, आणि संध्याकाळपर्यंत आई दवाखान्यात.

पण तेवढं म्हटलं की बाबा विचारणार, कधीपासून? मग आत्या विचारणार, मग गाव. मास्तरीन झोपडीत लोळायला खोटं बोलली. सगळे हसतील. मला आईचा ताप दिसायला हवा होता, आणि मला दिसत होते हसणारे चेहरे. दीड वर्षात माझ्या मनाची एवढीच वाट उरली होती, कसलाही विचार केला तरी ते तिथेच जाऊन पोचायचं.

"उद्या," मी म्हणाले. "उद्या आंघोळ करतो."

"उद्या ना? मंग उद्याच नेऊ." बाबांच्या आवाजात हायसं वाटल्याचं ऐकू आलं. ते तसेच, मागे वळून न पाहता निघून गेले.

अकराव्या दिवशी मी उजाडताच नदीवर गेले. सगळे कपडे, अंथरूण, पांघरूण धुवावं लागतं, केसांना माती लावावी लागते. काही राहिलं तर घराला दोष लागतो. जे मुळात विटाळलेलंच नव्हतं ते मी घासत होते. ऊन वर आलं होतं तेव्हा आत्याची आरोळी ऐकू आली. मी ओले कपडे दगडावर टाकून पळाले.

बाज अंगणात काढलेली होती. दोन्ही बाजूंना दांडे बांधून तयार होती. आई तिच्यावर होती, पण न्यायची गरज उरली नव्हती. मी तिला शिवले. अकरा दिवसांनी शिवले. अंग अजून गरम होतं.

रक्ताची चिठ्ठी चार दिवसांनी आली. मेंदूत चढणारा मलेरिया होता. नीलाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक दिवस आधी आणली असती तरी वाचली..." आणि माझा चेहरा पाहून आपली पिशवी आवरू लागल्या.

आत्या मात्र सांगत राहिली, येणाऱ्या प्रत्येकाला. दहाव्या दिवशी सकाळीच बाबा म्हणाले होते, पोरीला आताच आणतो, देवाला काय द्यायचं ते नंतर देऊ. तेव्हा आईने त्यांचा हात धरला होता. 'बसू द्या तिले,' म्हणाली होती. 'तिले बरं वाटते तिथी.'

"तापात बरयत होती बिचारी," आत्या म्हणायची. "कुर्म्यात कोनाले बरं वाटते व?"

आई बरळत नव्हती, हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी नीलाबाईंनीच मला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास विचारलं आणि सांगितलं की हा आजार आहे, आळस नाही, बाधा नाही. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी सकाळी उठता येतं. उठून काय करायचं ते गोळी सांगत नाही. कॉलेज संपलं. त्या मुली आता कुठल्या कुठल्या शाळांत मास्तरणी असतील. बाबा माझ्याशी चांगलं वागत, आणि त्यांचं चांगलं वागणं मला सर्वांत जड जाई. नदीवरच्या आंघोळीला उशीर झाला, एवढंच ते समजत.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये ग्रामसभा झाली. ग्रामसेवक सांगायला आले की पक्क्या कुर्माघरासाठी निधी आणता येईल. सिमेंटच्या भिंती, टिनाचं छप्पर, एक दिवा.

"पंखा बी लावा!" कुणीतरी म्हणालं आणि मंडळी हसली.

पत्रू पुजारी म्हणाला, "चांगलीच गोष्ट हाय. रीत बी राह्यते आन बायाइले आराम बी होते."

बुधरी आत्या उठली. "होऊ द्या पक्कं. आमची रीना अकरा-अकरा दिस काढे त्या गळक्या झोपडीत. माय मेली तई बी बिचारी तिथीच होती. रीत पाळली पोरीनं. अशा पोरीइसाठी पक्कं घर पाह्यजेच."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. बाबांनीही पाहिलं. गावात इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं, आणि माझ्या नावाने ती भिंत उभी राहिली असती.

मी उठले. माझं बोलणं सांभाळायचं मला सुचलं नाही.

"मी रीत नाई पाळली," मी म्हणाले. "माय मेली तई माही पाळी नव्हती. पाच-सहा दिसापासून मोकळी होती. माह्या मनाले बिमारी होती, मी तिथी लपून बसली होती. बाबा, तुमी इचाराले आले तई सांगतलं असतं तं माय वाचली असती. मले लोकं हसतीन म्हून मी भेली."

कुणी हसलं नाही. बाबांनी मान खाली घातली. ती वर येईल म्हणून मी थांबले. ती वर आली नाही, तरी मी बोलले.

"आन खरंच कुर्म्यात असती, तरी बी मले तिच्यापाशी येऊ द्याले पाह्यजे होतं."